सात नंबरचं कुत्रं

"मग लिहून टाकू ना बाबा? बाधत नाही म्हणून?"

डॉ. सुनंद गुल्हाने उभ्यानंच विचारत होता. बाहेर ड्रायव्हरनं जीप सुरूच ठेवली होती.

मठाचे महंत बाबा लिंबाखाली बसले होते. त्यांच्या मांडीला डोकं टेकून सात नंबरचं कुत्रं झोपलं होतं.

लहानपणी गुल्हाने याच मठात वाढला. पुढे शहरात जाऊन मोठा पशुवैद्य झाला आणि नावामागं पदव्यांची शेपूट लावून घेतली. तीन वर्षांपूर्वी त्यानं काही पिल्लांना नंबर देऊन दुधातून किरणोत्सारी क्षार पाजला. हा क्षार हाडांत जाऊन बसतो आणि आतल्या आत किरणं सोडत राहतो. प्रयोगाची योजना दोन वर्षांची होती. ती संपली, पिंजरे मोडले, तेव्हा कुत्री त्यानं बाबांच्या पदरात टाकली.

आणि आता तोच क्षार कुठल्याशा कारखान्यातून झिरपत पिंपळखेड्याच्या तळ्यात उतरला होता. गुरं पाण्यावर सोडायची की नाही, हे उद्या गुल्हानेच्या अहवालावर ठरणार होतं.

"एक तरी कुत्रं लंगडतंय का, सांगा," तो म्हणाला.

"नाई लंगडत."

"खाण्यापिण्याची तक्रार?"

"काईच नाई."

"मग झालं तर! आज घेऊन जातो. कायमचं झोपवायचं इंजेक्शन देईन, त्यांना कळणारही नाही. हाडं तपासतो, स्वच्छ निघाली की सही."

बाबांनी कुत्र्याच्या कानातली गोचीड काढली.

"कुत्रं किती जगते रे?"

"बारा-चौदा वर्षं."

"अन् हे केवढं?"

"तीन वर्षांचं."

बाबा कुत्र्याचा दुसरा कान तपासू लागले.

गुल्हानेच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हाडाचा कर्करोग उशिरा येतो, हे तो स्वतःच विद्यार्थ्यांना शिकवत असे. पण योजना दोन वर्षांत संपली म्हणून परिणामही तेवढ्यातच दिसायला हवा, असं त्याच्या खात्यात सगळेच धरून चालत. त्यानंही धरलं होतं.

"गाठ यायला सात-आठ वर्षंही लागतात," तो चाचरत म्हणाला. "पण तोवर थांबणार कोण, बाबा? गुरं तहानेनं हंबरतायत. लोक उद्याच विचारणार."

"उद्या त्याहिले सांगाले काय ठाव हाय तुले?"

गुल्हानेनं खिशातला कोरा अहवाल चाचपला.

जीपचा हॉर्न वाजला. कुत्रं दचकून उठलं.

बाबांनी त्याच्या गळ्यातली दोरी गुल्हानेच्या हातात दिली.

"ने."

कुत्र्यानं तो हात हुंगला. शेपूट हलली. आणि ज्या तळहातावरून त्यानं ते दूध चाटलं होतं, तोच तळहात ते पुन्हा चाटू लागलं.

गुल्हानेला भडभडून आलं. दाराकडे एक पाऊल टाकलं, पण पुढचं उचलेना. कुत्रं मात्र त्याच्याबरोबर निघायला तयारच होतं.

"गाडी बंद कर रे!" तो ओरडला.

मग तिथंच, लिंबाच्या पारावर बसून त्यानं अहवाल लिहिला. परिणाम अजून माहीत नाही. माहीत होईपर्यंत तळं बंद ठेवावं, गुरांना टँकरनं पाणी द्यावं. खाली सही केली.

"साहेब लोक हसतील, बाबा. गावकरी शिव्या घालतील. एवढा शिकलो आणि लिहिलं काय, तर माहीत नाही!"

बाबा आत जाऊन भाकर घेऊन आले.

"माझं कामच संपलं. आता मी करू तरी काय?"

बाबांनी कुत्र्याचं अॅल्युमिनियमचं ताट त्याच्यापुढं सरकवलं.

"भाकर कुस्कर. याले म्हतारं व्हाचं हाय."