वस्तादाची दुभाषीण

लहानांनो आणि थोरांनो, ही फार जुन्या काळची गोष्ट आहे. समुद्रापलीकडच्या एका राजाला वाटलं, आपल्या राज्यातल्या मुलांनीही मल्लखांब शिकावा. त्याने दूरदेशीच्या एका नामांकित वस्तादाला बोलावून घेतलं आणि कबूल केलं, "वसंतोत्सवात शेजारच्या राज्याशी सामना आहे. मुलं जिंकली, तर तुम्हाला राजवाड्यात कायमची जागा देईन."

वस्तादाला तिथली भाषा येत नव्हती. त्याच्याच देशातली एक बाई लग्न होऊन राजाच्या नगरात नांदत होती. दोन्ही भाषा जाणणारी तीच एक. राजाने तिला दुभाषीण नेमलं. वस्ताद बोलायचा, ती मुलांना समजावून सांगायची.

मुलं झपाट्याने शिकू लागली. वस्तादाला आनंद व्हायला हवा होता, पण त्याच्या पोटात दुखू लागलं. मुलं त्याच्याकडे बघतच नसत. सगळ्यांचे डोळे बाईच्या तोंडाकडे. तो चार शब्द बोलला की ती दहा बोलायची, आणि मुलांचे चेहरे खुलायचे. सराव संपला की मुलं तिच्याभोवती कोंडाळं करायची, तासन्‌तास गप्पा मारायची. वस्ताद एकटाच खांबाला एरंडेल चोळत उभा राहायचा.

'घाम माझा, विद्या माझी, आणि कौतुक हिचं,' तो मनाशी म्हणायचा. 'माझं शिकवणं ही स्वतःच्या नावावर खपवत असणार.'

थंडीत बर्फ पडू लागला, सराव बंद झाला. वस्ताद रोज बाजारात जाऊन बसू लागला. भाजीवाल्यांशी, कुंभारांशी तोडकंमोडकं बोलू लागला. लोक हसले तरी त्याने नाद सोडला नाही. थंडी सरेपर्यंत ती भाषा त्याच्या जिभेवर बसली. मग तो राजाला म्हणाला, "महाराज, मला आता दुभाषीण नको."

बाईला निरोप गेला. ती भेटायला आली. "वस्ताद, मुलांशी बोलायचं ते जरा..."

वस्तादाने तिला पुढे बोलू दिलं नाही. "ताई, आता माझं मी बघेन."

सराव सुरू झाला. वस्ताद नेहमी बोलायचा तसाच बोलला, फक्त त्यांच्या भाषेत. "हे पाय आहेत की ओंडके?" "तुझ्या जागी माकड आणलं असतं तर बरं झालं असतं." व्याकरणाची एक चूक नाही.  मुलं खांबावर चढायला कचरू लागली. एकेक जण येईनासा झाला. त्यांच्यातल्या सर्वांत चपळ मुलीची पकड सुटली आणि तिचं मनगट मुरगळलं.

वस्ताद लेप लावायला बसला, तेव्हा तिने विचारलं, "वस्ताद, आमचं काय चुकलं? पूर्वी तुम्ही किती मायेने बोलायचात."

"मी? कधी?"

"रोजच. तुम्ही म्हणायचात, पाय जड वाटले तर आधी श्वास घे. घाबरू नकोस, मी खाली उभा आहे. ताई सांगायच्या, आवाज मोठा असला तरी वस्तादांचा तुमच्यावर जीव आहे. म्हणून तर आम्ही ताईंना घेरून विचारत बसायचो, वस्तादांना काय आवडतं, त्यांच्या घरी कोण कोण असतं."

वस्तादाचा हात थांबला. कोंडाळ्यातला तो सगळा जिव्हाळा त्याच्यासाठीच होता, आणि त्याच जिव्हाळ्यावर तो जळत राहिला होता.

तो तडक बाईच्या दारी गेला. "ताई, तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"सांगायलाच आले होते," ती म्हणाली. "तुमचं शिकवणं सोन्यासारखं, बोलणं तेवढं तिखट. ते मी निववून सांगत होते."

"मला तसं बोलायला शिकवाल?"

"शिकवीन. पण भाषा शिकलात तितकं ते सोपं जाणार नाही."

वस्तादाने घरोघर जाऊन मुलांची माफी मागितली. बरीचशी परत आली, पण सराव अपुरा पडला. वसंतोत्सवात मुलं हरली आणि राजवाड्यातली जागा वस्तादाच्या हातून गेली. तो सामान बांधू लागला, तेव्हा मुलांनी त्याला जाऊ दिलं नाही. नदीकाठी त्यांनी नवा खांब पुरला. तिथे तो म्हातारा होईपर्यंत शिकवत राहिला.

जो दुसऱ्याला मिळणाऱ्या मानावर जळतो, त्याला स्वतःला मिळत असलेलं प्रेम दिसत नाही.