भीमाआजीचं विरजण

एका डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. भारी सोवळं! कुणी मोठ्यानं हसलं तरी पंच डोळे वटारायचे, आणि शेजारगावचं पाणीसुद्धा कुणी तोंडाला लावत नसे. या गावात घराघरात दही लागायचं ते भीमाआजीच्या विरजणानं. म्हातारी एकटी, झोपडी गावाच्या टोकाला. कुणाचं दही संपलं की वाटी घेऊन तिच्या दारात. "घे गं बाई," म्हणायची आणि वर हातावर गूळही ठेवायची.

त्या गावात केसर नावाची एक नवी सून होती. देवाच्या नैवेद्याचं दही लावायचं काम तिच्याकडे आलं. पोरीनं घाईघाईत उकळत्या दुधातच विरजण टाकलं. सकाळी झाकण काढलं तर काय, सगळं फाटलेलं!

"हे काय करून ठेवलंस?" सासू कडाडली.

केसर घाबरून बोलून गेली. "मी नाही काही केलं. काल भीमाआजी आली होती, भांड्यात डोकावून गेली."

झालं! सासूनं शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं पाणवठ्यावर. दुपारपर्यंत कुणाची गाय आटली ती आजीमुळे, कुणाचं पोर तापलं तेही आजीमुळे. संध्याकाळी गाव देवळापुढे जमलं, आजीलाही ओढून आणलं. "चेटकीण आहे ही!" पंच गरजले. "हिला भांड्यात डोकावताना कुणी पाहिलंय?"

सगळ्यांनी केसरकडे पाहिलं. आजीनंही पाहिलं. "पोरी, तूच सांग गं. मी तुझ्या घरी आले तरी होते का?"

खरं सांगायला एक शब्द पुरे होता. पण पंचांचे डोळे, सासूचे डोळे! केसरनं पदराचं टोक तोंडात धरलं आणि 'हो' म्हणून मान हलवली.

लोकांनी झोपडी पेटवली. विरजणाचं गाडगं पोटाशी धरून म्हातारी ओढ्यापलीकडे निघून गेली. गावानं घरातलं सगळं दही उकिरड्यावर ओतलं, भांडी राखेनं घासली.

आणि मग झाली पंचाईत. विरजण आणायचं कुठून? शेजारगावचं तर चालत नाही! दुधात मिरचीची देठं टाकून पाहिली, दूध नासलं. देवापुढे दहीभात ठेवता येईना. "जाताना शाप देऊन गेली," लोक म्हणू लागले. "चला, तिला कायमची संपवूनच येऊ."

हे ऐकलं आणि केसर घराबाहेर धावली. देवळापुढे सगळ्यांसमोर ती उभी राहिली. "उकळत्या दुधात विरजण मी टाकलं. आजी आलीच नव्हती. मी खोटं बोलले हो!"

तिला कुणी रागावलंसुद्धा नाही. गाईवाला पुटपुटला, "माझी गाय तर गाभण होती, म्हणून आटली." पोराचा बाप म्हणाला, "पोर दिवसभर ओढ्यात डुंबलं होतं." पंचांना तर कुठं बघावं तेच कळेना.

सगळे आजीकडे गेले. "आजी, चल परत. नवी झोपडी बांधून देतो."

आजीनं केसरच्या वाटीत विरजण घातलं. "दूध कोमट असू दे गं," म्हणाली. "मी मात्र येत नाही. ज्यांनी काडी लावली, त्यांना लहानपणी मीच दहीभात भरवलाय. आता तुमच्यात मला झोप नाही लागायची."

गावात पुन्हा दही लागू लागलं. पण पहिला घास घेताना सगळ्यांच्या माना खाली जातात. केसर दही लावते, घरादाराला वाढते, स्वतः खात नाही.

तात्पर्य: बाळांनो, आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारू नका, आणि कुणी मारली तर डोळे झाकून मान डोलावू नका. उशिरा कबूल केल्यानं जीव वाचेल, विरजणही मिळेल. पण दुखावलेलं माणूस परत येईलच असं नाही.