मारबत न काढणारं गाव

इथं पाय जपून टाका, भाऊ. गवतात खड्डा आहे. मागं शहरातला एक साहेब यात पडला, पाय मुरगळला, मग गावानं त्याला खाटेवर घालून गाडीपर्यंत नेला. येताना जंगल बघत आला, जाताना आभाळ बघत गेला. तुम्ही दोघं तरी खाली बघा.

हा खड्डा शिवेच्या दगडाचा. बाकी तिन्ही अंगांना आमच्या भुरकटोल्याला शीव आहे. शेंदूर लावलेला एक दगड येताना रस्त्यावर तुम्हाला दिसला असेल. या जंगलाच्या अंगाला मात्र दगड नाही, आणि खड्डा कुणी बुजवतही नाही. नकाशात शीव आहे म्हणतात. नकाशात असेल, बाप्पा, गावात नाही.

मी झिंगरू नेवारे, गावचा गायकी. म्हणजे गावाची ढोरं चारतो. बाप तेच करायचा, त्याचा बापही तेच. तुम्ही कॅमेरे घेऊन रानम्हशी बघायला आलात, तर आधीच सांगून ठेवतो, ती काही बाजारातली वस्तू नाही, की पैसे टाकले आणि पिशवीत घातली. दिसली तर नशीब. तोवर बोडीवर चला. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं.

ही बघा. पाणी आटलं म्हणून दगड उघडे पडले आहेत. काळे, गोल मांडल्यासारखे, आणि मधे तो एक उभा. हात नका लावू, ताई. बसायचं तर इथं पाळीवर, या बांधावर बसा.

गोष्ट किती जुनी ते विचारू नका, माझ्या आजालाही ठाऊक नव्हतं. तेव्हा या बोडीवर रानम्हशींचा कळप यायचा, असे सांगतात. दुपारी गावच्या म्हशी डुंबायच्या. त्या घरी गेल्या आणि उन्हं कलली की रानातल्या उतरायच्या. कुणी कुणाला आडवं जात नव्हतं. रानम्हैस म्हणजे आमच्या म्हशीची थोरली बहीण समजा, पण शिंगं अशी, की दोन टोकांमधे माणूस आडवा मावेल. वाघाचीही हिंमत व्हायची नाही. वाघ आला की रेडकं मधे घ्यायची आणि मोठ्यांनी भोवती गोल करून शिंगं बाहेर धरायची, ही त्यांची रीत. गोल एकदा झाला की मोडत नव्हता.

गावात दसरी नावाची बाई होती. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. चार म्हशी आणि एक वगार, म्हणजे अजून न व्यालेली तरणी म्हैस, एवढाच संसार. त्या वगारीचं नाव काजळी. आई मेली म्हणून दसरीनं तिला बोटानं दूध चाटवून वाढवली होती. गावची ढोरं तेव्हा हीच चारायची, म्हणून रानातल्या कळपालाही ओळखायची. कळपाच्या पुढारणीचं एका बाजूचं शिंग खाली वळलेलं होतं. दसरी तिला मोठी बाई म्हणायची. आज मोठी बाई रुसली, मोठ्या बाईला नात झाली, अशा बातम्या गावात आणायची. दसरीचं माहेर रानात आहे, अशी गावात थट्टा चालायची. ती म्हणायची, ‘हाव, हायेच. तुमच्यापरीस बरं हाये.’

मग एका वर्षी बुळकांडी आली. ढोरांचा रोग. डोळ्याला पाणी, तोंडात फोड, मग हगवण, आणि जनावर गेलंच समजा. तेव्हा लस नव्हती, डॉक्टर नव्हता. गोठेच्या गोठे रिकामे झाले. त्या पोळ्याला तोरणाखाली उभे करायला धड बैल उरले नव्हते, म्हणे.

आमच्या झाडीपट्टीत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत काढतात. पळसाच्या फांद्या घरातून, गोठ्यातून फिरवायच्या आणि ‘रोगराई घेऊन जा गे मारबत!’ असं ओरडत शिवेपार फेकून द्यायच्या. गावची पीडा त्यांच्याबरोबर बाहेर जाते. त्या वर्षी गावचा पुजारी म्हणाला, ‘औंदा फांदीनं भागत नाई. जिती मारबत पाहिजे.’ म्हणजे रोग लागलेलं एक मादी जनावर सजवायचं आणि शिवेपार हाकलून द्यायचं. ते सगळ्यांचा रोग घेऊन जाईल.

त्याच सकाळी काजळीच्या डोळ्याला पाणी आलं होतं.

दसरीवर कुणी जबरदस्ती केली नाही, हे ध्यानात घ्या. पाटील दारात आला आणि म्हणाला, ‘तुह्या चार म्हशी अजून उभ्या हायेत, दसरी. एकीच्या जाण्यानं समद्यायचं भलं होते.’ ती रडली. मग आपल्या हातानं तिनं काजळीला कुंकू लावलं, शिंगांना हिरव्या बांगड्या बांधल्या, पाठीवर आपलं लुगडं टाकलं. ‘जा माय, घेऊन जा,’ म्हणाली. गावानं काठ्या आपटत, ओरडत काजळीला दगडापलीकडे काढली. दगडापलीकडे म्हणजे बाहेर, आणि बाहेर म्हणजे कुणाचंच नाही, असंच सगळे धरून चालले. बाहेर कोण राहतं हे एकट्या दसरीला पक्कं ठाऊक होतं, आणि त्या सकाळी तिच्याही डोक्यात ते आलं नाही. काय म्हणावं याला? आपलं घर जळायला लागलं की शेजाऱ्याचं छप्पर दिसत नाही, दुसरं काय!

आता तापानं फणफणलेलं जनावर कुठं जाईल? पाण्यात. आणि काजळीला पाणी एकच माहीत होतं.

दसरी दिवसभर रिकाम्या दाव्याकडे बघत बसली. उन्हं कलली, आणि कळपाची वेळ झाली हे तिला आठवलं. तशीच अनवाणी धावत सुटली.

इथं, याच पाळीवर ती येऊन उभी राहिली, असे सांगतात. काजळी उथळ पाण्यात बसली होती. पलीकडच्या काठावर रानकुत्री वास काढत आली होती. आणि कळप पाण्यात उतरत होता. मोठी बाई काजळीपाशी गेली. परकं जनावर, अंगावर लुगडं, शिंगात बांगड्या. एक ढुशी देऊन हाकलून द्यायला पाहिजे होतं. पण तिनं चाटलं, म्हणे. डोळ्यांचं पाणी, तोंडाची लाळ, सगळं मायेनं चाटून काढलं. मग कुत्र्यांकडं बघितलं आणि फुरफुरली. तसा सगळा कळप भोवती आला आणि त्यांनी गोल केला. गावानं टाकलेली आजारी वगार मधे घेतली.

‘हो मांगं! नोको शिवू तिले, मोठी बाई! सोड तिले!’ दसरी जिवाच्या आकांतानं ओरडत होती. म्हशींना काय कळणार? तिनं हातातली काठी फेकली. मग दगड उचलले. ती दगड मारी आणि त्या आणखी जवळ सरकत. दगड मारणारा तो वैरी, एवढंच त्यांना ठाऊक. ती पाण्यात उतरली, तर मोठ्या बाईनं शिंगं खाली केली. रोजच्या ओळखीच्या बाईवर! दसरी मागे फिरली. गावाला हाका मारल्या, पण पीडा गेली म्हणून गाव ढोल वाजवत होतं. शेवटी ती पाळीवर बसली आणि बघत राहिली.

पुढचं सांगायला मला आवडत नाही. पण गोष्ट अर्धी टाकू नये. गावातला रोग त्यानंतर थांबला, म्हणे. दसरीच्या चारही म्हशी वाचल्या, आणि लोक पुजाऱ्याच्या पाया पडले. इकडे बोडीवर गिधाडं उतरायला लागली. काजळी आधी गेली, मग रेडकं, मग मोठ्या. गोल तेवढा मोडला नाही. एक खाली बसली की बाजूची सरकून तिची जागा धरायची. दसरी रोज येत होती. कडुलिंब आण, ताक आण, हळद आण. त्या तिला जवळ येऊ देत नव्हत्या, आणि येऊ दिलं असतं तरी बुळकांडीपुढं ताकाचं काय चालणार होतं? शेवटी मोठी बाई एकटी उभी होती, शिंगं बाहेर धरून. मागे राखायला कुणी जिवंत नव्हतं. मग तीही बसली.

त्या दिवशी दसरीनं शिवेचा दगड उपटला. चार गड्यांना जड जाईल असा दगड. देवीनं तिला बळ दिलं म्हणतात. मला वाटतं, तिला स्वतःचाच राग आला असेल, त्याचं ते बळ. दगड ओढत इथं आणला आणि काजळी बसली होती तिथं उभा केला. गाव गोळा झालं, तेव्हा म्हणाली, ‘आजपासून या अंगानं गावाले बाहेर नाई. ज्याची पीडा त्यानं आपल्या घरात ठेवावी. मराचं तं आपल्या दारात मरावं.’ दुसऱ्या दिवशी पाटलानं दगड परत न्यायला माणसं धाडली. त्यांना बोडीत ना हाडं दिसली ना कातडी. हे काळे दगड होते, असेच गोल. मधला दगड काही केल्या हलेना. शाळेचे मास्तर म्हणतात, दगड मुळातच इथले आहेत. असतील. मास्तर शिकलेले आहेत, मी कशाला भांडू?

आजही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावांतून मारबतीची ओरड ऐकू येते, तेव्हा भुरकटोला तोंड मिटून असतो. फांद्या ज्यानं त्यानं आपल्या चुलीत जाळायच्या, धूर आपल्याच डोळ्यांत घ्यायचा. जनावर आजारी पडलं तर दाव्याला बांधून ठेवायचं. ढोरांचे डॉक्टर टोचायला आले की म्हातारी माणसंसुद्धा आपापली दावी धरून रांगेत उभी राहतात. एवढं सगळं करतो, पण कळप काही परत आला नाही, ताई.

गेल्या उन्हाळ्यापासून एक हेला येतो. हेला म्हणजे रेडा, रानातला. नदीपलीकडे थोडे उरलेत म्हणतात, त्यांतला असावा. इतक्या पिढ्यांनी कुणी आलं म्हणून बायांनी इथं दिवे लावले. मीही रडलो, खोटं कशाला बोलू? पण एकटा आहे तो. त्याच्या जातीची मादी इकडे नाही, म्हणून आमच्या म्हशींमागं लागतो. वनखात्याची माणसं सांगून गेली, याला गावच्या म्हशींत मिसळू देऊ नका. रोग लागेल, आणि रक्तात भेसळ झाली की रानम्हैस म्हणून काही उरायचंच नाही. बरोबरच आहे त्यांचं. म्हणून ढोरं परतायची वेळ झाली की आम्ही या पाळीवर उभं राहून त्याला दगड मारतो. ‘जा रे बापा, आपल्या लोकात जा,’ म्हणतो. आता त्याचे लोक आहेत कुठं? तो पळत नाही, भाऊ. दगड लागला की कातडी तेवढी थरथरते, आणि तो तिथंच उभा राहून आमच्या म्हशींकडं बघत राहतो. आणि मी पुढचा दगड शोधतो.