घाटाखालचा आसरा

लहानथोरांनो, ऐका. फार फार वर्षांमागे एका घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. घाट उतरताना दमलेले, आजारी पडलेले वाटसरू तिथे येऊन पडत. त्यांच्यासाठी भिवराई नावाच्या बाईनं गावाबाहेर एक आसरा उघडला.

तिच्यापाशी पैसाअडका नव्हता. ती घरोघर पदर पसरायची. कुणी पसाभर नाचणी देई, कुंभार मडकी देई, तेलीण दिव्यापुरतं तेल आणी. असं काही घेऊन आलेला माणूस आसऱ्यात घटकाभर टेके, कुणाला पाणी पाजी, कुणाचे पाय चेपी आणि मग घरी जाई.

एकदा राजाची स्वारी त्या वाटेनं आली. आसरा पाहून राजा प्रसन्न झाला. त्यानं एका गावाचा शेतसारा आसऱ्याला लावून दिला. धान्यानं भरलेल्या गाड्या येऊ लागल्या, दोन नोकर आले.

"सुटले बाई एकदाची दारोदार फिरण्यातून!" भिवराईला वाटलं. तिनं गावात सांगितलं, "आता काही आणू नका. राजानं भरपूर दिलंय."

लोक यायचे थांबले. बरीच वर्षं गेली.

मग एका भादव्यात तापाची साथ आली. वीस माणसं एकदम आसऱ्यात येऊन पडली. नोकर भिऊन पळाले. कोठार शिगोशीग भरलेलं, पण पेज शिजवायला आणि कपाळावर पट्टी ठेवायला भिवराई एकटी. एका म्हाताऱ्यानं पाणी मागितलं. ती दुसऱ्याला भरवत होती. तांब्या घेऊन पोचली तेव्हा म्हातारा गेला होता.

ती तडक कुंभाराच्या दारी गेली. "दादा, हाताला हात द्या."

"भिवराई, ते आता राजाचं घर. तिथं आमचं काय काम? तूच तर नको म्हणालीस."

भिवराईची मान खाली गेली. "धान्य नको म्हणता म्हणता माणसंच नको म्हणून बसले. चुकलं माझं. दादा, तुमचा एक दिवस द्या."

कुंभारानं चाक थांबवलं, हात धुतले, बायकोला हाक मारली. त्यांना जाताना पाहून तेलीणही निघाली. संध्याकाळपर्यंत निम्मं गाव आसऱ्यात होतं. आणखी दोघं दगावले, सतरा वाचले.

त्यानंतर भिवराईनं पाळी लावली. दर घराचा पंधरवड्यातून एक दिवस. पुढे राजा बदलला, गाड्या बंद झाल्या. भिवराईही गेली. आसरा चालूच राहिला, कारण ज्याची पाळी असे तो चूल पेटवायला लागेल ते घरूनच घेऊन जाई.

तात्पर्य: सेवेचं काम देणगीनं वाढतं, पण टिकतं ते माणसांच्या हातांनी.