पळसाचे पहिले पान

ओढ्याकाठच्या जंगलात एक नियम होता : पळसाचे पहिले पान पळणाऱ्याच्याच पायाशी ठेवायचे. हा नियम का आहे असे विचारायचे नाही, हाही एक नियमच होता.

मुलांनो, त्याच जंगलात एका चिंचेवर एक खार राहत असे. पहिल्या नियमाचे तिला लहानपणी काही वाटत नसे. दुसऱ्याचा मात्र भारी राग येई. "विचारायचं नाही" हे शब्द कानावर पडले, की तिची शेपटी आपोआप ताठ होई.

आधी पानाची गोष्ट सांगते. त्या जंगलात फुटबॉलचे चार संघ होते : ओढ्याचा, डोंगराचा, कुरणाचा आणि बांबूबनाचा. खेळाडूंना दुसरे काम नसे. त्यांनी खेळायचे आणि त्यांच्या खाण्यापिण्याची काळजी त्या त्या भागातल्या प्राण्यांनी घ्यायची. दरवर्षी पळस फुलला की नवे, तरणे खेळाडू मोहाच्या झाडाखाली ओळीने उभे राहत आणि संघ पाळीपाळीने त्यांतून आपला एकेक खेळाडू निवडत. गेल्या मोसमात जो संघ शेवटचा, त्याची निवड पहिली. दुबळ्याला जरा हात मिळावा म्हणून. कोणाला घ्यायचे ते संघातले थोर ठरवत. मग संघातला सर्वांत छोटा प्राणी तोंडात पळसाचे पान धरून जाई आणि त्या खेळाडूच्या पायाशी ठेवी. पान खाली टेकायच्या आत थोरांपैकी कोणी "थांब" म्हटले, तर निवड रद्द. कोणी काहीच बोलले नाही, तर निवड पक्की.

ओढ्याच्या संघाचे पान नेण्याचे काम या खारीकडे होते.

ओढ्याचा संघ लागोपाठ तीन मोसम शेवटचा आला होता. पहिल्या वर्षी पहिल्या पानावर त्यांनी चितळ घेतले. दुसऱ्या वर्षी ससा घेतला, तिसऱ्या वर्षी रानकुत्रा. तिघेही वाऱ्यासारखे पळणारे, तिघेही आघाडीला खेळणारे. ते धडाधड गोल मारत, आणि सामना संपला की संघ हरलेला असे! थोर डोके खाजवत. मग म्हणत, "अजून गोल कमी पडले. आणखी एक पळणारा आणू या."

तुम्ही म्हणाल, एवढे मोठे प्राणी आणि त्यांना कळत कसे नव्हते? त्याचेही कारण होते. ओढ्याच्या संघात एक जुनी रीत होती. आपण मारलेला गोल वर्षभर गायचा आणि आपल्यावर झालेल्या गोलाचे नावसुद्धा काढायचे नाही. नाव काढले तर तो परत येतो, असे थोर म्हणत. त्यामुळे त्यांच्या आठवणीत फक्त मारलेले गोल उरत.

खारीची चिंच मात्र आपल्याच गोलखांबांच्या मागे होती. तिथून तिला आघाडीची पळापळ नीटशी दिसत नसे. तिला दिसे ते कासव.

कासव नऊ मोसम ओढ्याच्या संघाचे गोलरक्षक होते. वेलींनी घट्ट विणलेला चेंडू दाणकन पाठीवर घ्यायचा आणि पुन्हा उभे राहायचे, एवढेच त्याचे काम. त्याच्यावर कोणी गाणे रचले नव्हते. अडवलेल्या चेंडूवर कोण गाणे रचणार?

खार अगदी पिल्लू असताना एका सामन्यात फांदीवरून घसरली आणि थेट मैदानात पडली. समोरून रानडुकरांची जोडी चेंडू घेऊन धावत येत होती. कासवाने चेंडू सोडला आणि पिल्लावर आपली पाठ घातली. गोल झाला. सामना गेला. झालेल्या गोलाचे नाव काढायचे नाही, म्हणून कासवाने तो का जाऊ दिला हेही कोणी विचारले नाही. कासवानेही सांगितले नाही. सामना संपल्यावर ते खारीला एवढेच म्हणाले, "लागलं नाही ना गं? जा, आई वाट बघत असेल."

त्या दिवशी खारीने एक चिंचोका आपल्या ढोलीत ठेवला. तेव्हापासून संघावर झालेल्या प्रत्येक गोलासाठी ती एक चिंचोका ठेवू लागली. चेंडू उजवीकडून आला तर उजव्या ढोलीत, डावीकडून आला तर डाव्या ढोलीत, आणि दर मोसमाचे चिंचोके वेगळे.

यंदा पळस फुलला आणि सगळे मोहाखाली जमले. ओढ्याचे तीन थोर पुढे बसले होते. संघाचा मुख्य गवा होता. त्याने तरुणपणी मध्यरेषेवरून एक गोल मारला होता आणि मनाने तो अजून तिथेच उभा होता. त्याच्या बाजूला शब्दात न सापडणारा कोल्हा होता आणि कोल्ह्याशेजारी लांडोर. समोरच्या ओळीत एक देखणे, तुकतुकीत काळवीट उभे होते. त्याच्यापासून चार पावलांवर मातकट रंगाची एक घोरपड जीभ आतबाहेर करत उन्हात पडली होती.

"काळवीट," गवा म्हणाला. "यात बोलायचं काय? सर्वांत गुणी तो आपला. पोरी, ने पान."

खार जागची हलली नाही. "गवाआजोबा, मी एक विचारू का?"

"विचारायचं नाही," लांडोर म्हणाली.

शेपटी ताठ झाली. "मग सांगते. गेल्या मोसमात चारही संघांत सर्वांत जास्त गोल कोणाचे होते? आपले. आणि शेवटचे कोण आलो? आपणच. गोल मारून जिंकता येत असतं, तर आपण तीन वर्षांपूर्वीच जिंकलो असतो."

"शेपटीपेक्षा जीभ लांब झाली हिची," कोल्हा हसत म्हणाला. "बरं, तुझ्या मते कोणाला घ्यावं?"

"घोरपडीला."

मोहाखाली असा काही हशा पिकला, की वरची दोन फुलेसुद्धा गळून पडली. लांडोरीने तर पंखात तोंड लपवले. "अगं बाई, ही बघ तरी एकदा! गोल झाला की सगळं जंगल नाचतं. ही जागेवर चिकटून बसली की कोण नाचणार?"

"निवडीआधी झालेल्या चाचणीच्या सामन्यात डाव्या बाजूला हीच होती," खार म्हणाली. "सकाळपासून दुपारपर्यंत तिच्या बाजूने एकही चेंडू पुढे गेला नाही. हे काळवीटसुद्धा गेलं नाही. विचारा त्याला."

काळवीट प्रामाणिक होते. ते म्हणाले, "दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा तिनं चेंडूच पोटाखाली घेतला आणि हलायलाच तयार नाही."

"मला पळता येत नाही," घोरपड डोळे न उघडता म्हणाली. "पण माझ्या बाजूनं कोणी जात नाही."

कोल्ह्याने आता सूर बदलला. तो समजुतीच्या स्वरात बोलू लागला. थोर असे बोलू लागले की सावध व्हावे, हे खारीला एव्हाना कळले होते. "हे बघ, तुझी घोरपड चांगली आहे, कबूल. पण तिला पहिलं पान कशाला? आत्ता काळवीट घेऊ. घोरपड पुढच्या फेरीत मिळेलच. तिच्याकडे बघतंय कोण?"

"बांबूबनाचा लांडगा बघतोय. सकाळपासून तीनदा तिच्याभोवती फिरून गेलाय. आपल्यानंतरचं पान त्यांचंच आहे."

सगळ्यांनी माना वळवल्या. लांडगा घाईघाईने आभाळाकडे पाहू लागला.

"आणि काळवीट सोडलं तर उद्या तेच आपल्यावर धावून येईल," गवा गुरगुरला. "त्याचं काय?"

"येऊ दे की, आजोबा. आजही येतातच सगळे. फरक एवढाच, की उद्या वाटेत कोणीतरी उभं असेल. आज कोणी नसतं. चितळ, ससा, रानकुत्रा, तिघंही पुढं पळतात. मागं वळून कोणी येत नाही, कारण मागं येणाऱ्याला आपण कधी निवडलंच नाही."

एवढे बोलून ती सरसर चिंचेवर चढली आणि तोंडात चिंचोके भरून खाली आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. शेवटी थोरांपुढे दोन ढीग पडले, एक लहान आणि एक मोठा.

"हे काय?" लांडोरीने विचारले.

"हे गेल्या मोसमात आपल्यावर झालेले गोल. उजवीकडून सहा आणि डावीकडून सतरा."

लांडोर दोन पावले मागे सरली. गवा उठून उभा राहिला. "कारटे! नाव काढलंस? ते नाव काढायचं नसतं!"

"नाव काढलं म्हणून ते परत येत नाहीत, आजोबा. नाव काढत नाही म्हणून येतात. रोज त्याच वाटेनं येतात." खारीचा आवाज आता चढला होता. मग तो एकदम खाली आला. तिने गालातून आणखी एक जुना, गुळगुळीत झालेला चिंचोका काढला आणि दोन्ही ढिगांपासून दूर ठेवला. "हा गेल्या मोसमाचा नाही. हा माझा आहे. रानडुकरांनी मारलेला तो गोल तुम्हाला आठवत नसेल. त्या दिवशी मी फांदीवरून मैदानात पडले होते. कासवकाकांनी चेंडू सोडला आणि मला झाकलं. त्या गोलामुळे आपण हरलो आणि त्या गोलामुळे मी आज इथं उभी राहून तुमच्याशी भांडतेय. मी त्यांचे आभारसुद्धा मानू शकले नाही. कारण त्या गोलाचं नाव काढायचं नव्हतं."

कासव ओढ्याच्या कडेला, नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागे बसले होते. त्याची पाठ चिखलाने माखलेली होती. ती नेहमीच माखलेली असे. कासवच ते, चिखलात लोळणारच, असे सगळ्यांना वाटे.

"असू दे गं," कासव म्हणाले. "कशाला जुनं उकरतेस?"

खार त्याच्याजवळ गेली. सामने नसताना ती त्याच्या पाठीवर बसून चिंचा खाई. त्यामुळे जे कोणाला माहीत नव्हते ते तिला माहीत होते. "काका, पुसू का?" तिने हळूच विचारले. "तुम्ही नाही म्हणालात तर नाही पुसणार."

कासवाने मान आत ओढून घेतली. पण ते नाही म्हणाले नाही.

खारीने शेपटी ओढ्यात बुडवली आणि कासवाच्या पाठीवरून फिरवली. चिखल वाहून गेला. खाली, पाठीच्या डाव्या अंगाला, मानेपासून शेपटीपर्यंत एक लांबलचक तडा होता.

"प्रत्येक सामन्याआधी ते स्वतःच चिखल लिंपतात," खार म्हणाली. "तुमची हिंमत खचू नये म्हणून. आणखी एक मोसम असाच गेला तर ही पाठ दुभंगेल. मग करा आणखी एक गाणं."

कोल्ह्याने सवयीने तोंड उघडले. "पण नियम असा आहे, की पहिलं पान..."

"नाही," खार म्हणाली.

एवढे साधे "नाही" त्या मोहाखाली पूर्वी कोणी म्हटले नव्हते. तिची शेपटी भिजून लोंबत होती, तरी ती ताठ उभी होती. "हे पान मी काळविटापुढे ठेवणार नाही. तुम्ही मला पुढच्या वर्षी पान देऊ नका, चालेल. मला संघातून काढा, चालेल. पण नऊ मोसम जे आपल्यासाठी मार खात आले, त्यांच्या शेजारी आज मी कोणाला तरी उभं करणार. आता मी पान उचलतेय. तोंडात पान असलं की मला बोलता येणार नाही, पण तुम्हाला येईल. 'थांब' म्हणायचं असेल तर म्हणा."

तिने पान उचलले आणि चालू लागली. ती खार असूनही धावली नाही. एकेक पाऊल मोजून टाकत गेली, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की आम्हाला वेळच मिळाला नाही. काळविटापाशी आली आणि त्याच्यापुढून निघून गेली. त्याने चक्क बाजूला होऊन तिला वाट दिली.

गव्याने तोंड उघडले. त्याची नजर सतरा चिंचोक्यांवर गेली, मग त्या एका चिंचोक्यावर, मग कासवाच्या पाठीवर. त्याने तोंड मिटले. लांडोर पंख आवरून खाली बघत राहिली. प्रत्येक गोष्टीला उत्तर असलेला कोल्हा आपल्या पंजाकडे पाहत होता. जणू तो पंजा आजच त्याला दिसला होता.

कासवाची मान हळूहळू बाहेर आली.

पळसाचे पान घोरपडीच्या पायाशी टेकले, आणि "थांब" असे कोणीही म्हटले नाही.

तात्पर्य : जो आपल्यासाठी रोज मार झेलतो, त्याच्या शेजारी कोणाला तरी उभे करणे हेच त्याचे खरे आभार, आणि ज्या नियमाला प्रश्न चालत नाही, त्यालाच सर्वांत आधी प्रश्न विचारावा.