सणानंतरची सुट्टी

नदीकाठच्या एका नगरात काचेच्या बांगड्यांची भट्टी होती. तिथला सगळ्यात जुना कारागीर सकाळी आगीसमोर बसे, तो दिवेलागणीलाच उठे.

त्या राज्यात कायदा होता. वर्षभर राबणाऱ्याला काही दिवस सुट्टी द्यायची आणि त्या दिवसांची मजुरी कापायची नाही. पण या भट्टीवर सुट्टी कुणाच्याच वाट्याला येत नसे.

एकदा डोंगरापलीकडून कारागिराच्या आईचा निरोप आला, "डोळे अधू होत चाललेत. दिसतंय तोवर तोंड दाखवून जा."

तो मालकाकडे गेला. मालक गोड बोलला, "जा की. हक्काचीच सुट्टी आहे तुझी. पण सण तोंडावर आलाय, भट्टी सांभाळायची कुणी? सण झाला की खुशाल जा."

कारागीर थांबला. त्याच सुमारास बाकीचे कामगार सुट्टीची तक्रार घेऊन न्यायाधीशाकडे निघाले. "काका, तुम्ही बोला, तुमच्या शब्दाला वजन आहे," म्हणून त्यालाही सोबत घेतलं. कारागिराला वाटलं, आता मालकाला दुखावलं तर कबूल केलेली सुट्टीही हातची जाईल. न्यायाधीशाने विचारलं, तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "मालक सुट्टी देतात." तक्रार तिथेच फेटाळली गेली.

सण झाला. मग लग्नसराई आली, मग जत्रा. दर वेळी मालक म्हणे, "एवढं उरकू दे." अखेर कारागीर अडून बसला, तेव्हा मालक शांतपणे म्हणाला, "सुट्टी मिळते असं तूच सांगितलंस ना? मग आता काय मागतोस?"

कारागिराने सोबत्यांकडे पाहिलं. कुणी मान वर केली नाही.

तो तसाच उठला आणि डोंगर ओलांडून घरी गेला. आई ओट्यावर बसली होती. पावलांचा आवाज ऐकून तिने भलत्याच दिशेला तोंड वळवलं.

"आई, मी आलोय."

तिने हात पुढे करून त्याचा चेहरा चाचपला. गालांवरून, कपाळावरून बोटं फिरवली. मग हळूच विचारलं, "कसा दिसतोस रे आता?"

कारागिराने तिची बोटं पुन्हा आपल्या गालावर ठेवली.

तो परतला, तेव्हा त्याच्या जागी दुसरा माणूस बसला होता. आणि त्या माणसाला मालक सांगत होता, "सण होऊ दे, मग खुशाल जा."

तात्पर्य इतकंच, की सगळ्यांचा हक्क बुडू देऊन आपल्यापुरता वाचवू पाहणाऱ्याच्या हाती शेवटी आपलाही उरत नाही.