तिंबरू आजाची टिचकी

फार पूर्वी वेत्रवती नगरीवर सोमवर्मा राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व वेशीबाहेरच्या कुंभारआळीत जन्मले आणि वडिलांमागे त्या आळीचे मुखिया झाले.

आळीत एक जुनी रीत होती. भाजणीचा आवा उघडला की पहिले भांडे सर्वांत वयस्क माणसाच्या हातात द्यायचे. त्याने टिचकी मारून कान लावायचा आणि "चालेल" म्हणायचे, मगच बाकीची भांडी बाहेर निघत. बोधिसत्त्वांना लहानपणीचे ते दिवस फार आठवत. सगळी चाके थांबलेली असत. बायका पदराला हात पुसून उभ्या राहत. एरवी साऱ्यांना दरडावणारे वडील त्या घटकेला हात जोडून गप्प असत. एकदा म्हातारा "नाही" म्हणाला, तेव्हा वडिलांनी सबंध आवा फोडून टाकला होता. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही, पण वडील चिडलेही नाहीत.

आता तो मान तिंबरू आजाकडे आला होता आणि आजाचे कान ठार गेले होते. रीत मात्र कोणी मोडली नाही, उलट वाढवली. आजाला पाट आला, पाटावर घोंगडी आली, गळ्यात कण्हेरीची माळ आली. सगळे ओळीने पाया पडत. फक्त आजाच्या मांडीवर भांडे ठेवले की लोक गाड्या भरायला पळत. बहिऱ्याला टिचकी काय ऐकू येणार, असे म्हणून हसत, पण प्रेमाने हसत. बोधिसत्त्वही त्यांतलेच होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

एका उन्हाळ्यात एक तांडा आला. पुढे आठ दिवसांची निर्जळ वाट होती आणि बरोबर लेकुरवाळ्या बायका होत्या. तांड्याचा नायक वरुणक याने पाण्यासाठी शंभर रांजण सांगितले. घाई होती, म्हणून कुंभारांनी जवळचीच एक बुजलेली खाण उकरून माती आणली. आवा उघडला तेव्हा रांजण लालबुंद निघाले आणि काशाच्या ताटासारखे खणखणले.

पहिला रांजण आजापुढे ठेवला. आजाने टिचकी मारली नाही. तो वाकला आणि त्याने रांजण जिभेने चाटला.

"चुना आहे," तो म्हणाला. "पाणी भरलं की फुटेल."

"आजा, नुसता खणखणतोय बघ," आळीतला भद्दिल त्याच्या कानाशी ओरडला, त्याने टिचकी मारून दाखवली, तो पुन्हा एकदा पाया पडला आणि गाडीकडे वळला.

आजाने गळ्यातली माळ काढून रांजणाच्या गळ्यात घातली. "मग यालाच बसवा पाटावर," तो म्हणाला.

बोधिसत्त्वांना ते फार लागले. वडिलांचे जोडलेले हात त्यांच्या डोळ्यांपुढे आले. ते हात थोडे कापत असत, हे त्यांना आज आठवले. म्हाताऱ्याचे "नाही" तेव्हा खरेच चालत होते, म्हणून ते कापत असत. बोधिसत्त्व आजासमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी खुणेने विचारले, कसे कळले?

"कान गेल्यापासून मी प्रत्येक आव्याचं भांडं चाटून बघतो," आजा म्हणाला. "तुम्ही तेव्हा गाड्यांपाशी असता. ती खाण माझ्या बापानं बुजवली होती. मातीत चुनखडीचे कण आहेत. आज पक्कं वाटतं, पण तिसऱ्या दिवशी पापुद्रे उडतात."

बोधिसत्त्वांनी रांजणाला जीभ लावली. बारीक चटका बसला. त्यांनी गाड्या उतरवायला सांगितल्या.

"मला उद्या निघायचंय," वरुणक चिडून म्हणाला. "जमत नसेल तर पलीकडच्या गावीही कुंभार आहेत."

"दादा, सगळ्या आळीचं वर्षाचं पोट आहे यावर," भद्दिल म्हणाला. "एका बहिऱ्या माणसापायी घालवायचं?"

"चौथ्या दिवशी पाणी वाळूत गेलं, तर त्या लेकरांना काय पाजायचं?" बोधिसत्त्व म्हणाले. "नायक, तीन दिवस थांबा. सगळे रांजण भरून ठेवतो. टिकले तर फुकट न्या."

वरुणक कुरकुरत थांबला.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात टिकटिक सुरू झाली. रांजणांच्या अंगावरून नखाएवढे पापुद्रे उडत होते, मागे पांढरा ठिपका राहत होता आणि त्यातून पाणी झिरपत होते. दुपारपर्यंत अंगणभर चिखल झाला. तांड्यातल्या एका बाईने आपले मूल उराशी घट्ट धरले. सगळे आजाकडे बघू लागले. त्याला काहीच ऐकू येत नव्हते.

"वाजतंय का?" त्याने विचारले.

बोधिसत्त्वांनी त्याचा हात धरून रांजणावर ठेवला.

सगळे रांजण फोडले गेले. माती नेहमीच्या खाणीतून आली. वरुणकाने आपणहून मुक्काम वाढवला. नवा आवा उघडला तेव्हा कोणी गाडीपाशी गेले नाही. चाके थांबली. बायका पदराला हात पुसून उभ्या राहिल्या. आजाने टिचकी मारली, मग रांजण चाटला आणि चांगला वेळ घेतला. लहानपणीची ती शांतता इतक्या वर्षांनी परत आली आणि बोधिसत्त्वांचे डोळे भरून आले. त्यांचे जोडलेले हात कापत होते.

"चालेल," आजा म्हणाला.

पुढे बुद्ध झालेल्या शास्त्यांनी ही कथा विहारात सांगितली. आदल्या दिवशी तरुण भिक्षूंनी वृद्ध उत्तिय स्थविरांचे पाय धुतले होते, त्यांना उंच आसनावर बसवले होते, आणि ते बोलू लागताच एकेक करून सगळे उठून गेले होते.

"त्या जन्मीचा तिंबरू म्हणजे हे उत्तिय," शास्ते म्हणाले. "भद्दिल म्हणजे हा मागे बसलेला सुयाम. आळीचा मुखिया मी होतो, आणि मलाही उशिराच कळलं. ज्याचं 'नाही' ऐकायला आपण थांबतो, त्याचाच मान आपण राखलेला असतो. या गुणाला गौरव म्हणतात."

सुयाम उठला आणि उत्तियांच्या आसनाखाली जमिनीवर बसला.

"भन्ते," तो म्हणाला, "काल आपण विहिरीबद्दल काही सांगत होता. ते अर्धंच राहिलं."